ओसरीवरची तालीम

पाडव्याला व्यापारी नव्या वह्या मांडतात आणि तुमच्या-आमच्यासारखी संसारी माणसे नवे संकल्प. चार दिवस चकल्या-अनारशांचा समाचार घेतलेला गृहस्थ कमरेचा पट्टा एक घर सैल करतो आणि जाहीर करतो, "उद्यापासून व्यायाम!" इथवर सारे सोपे असते. पण कोणता व्यायाम, या प्रश्नापाशी त्याचे घोडे अडते. हातातला मोबाइल क्षणात शंभर प्रकार दाखवतो आणि त्यांतला प्रत्येक जण आपलाच मार्ग खरा म्हणतो. वाचकहो, ही अडचण आजची नाही. तिला चांगला सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे.

औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांचा जन्म 1868 सालचा. त्यांच्या तारुण्यात सँडो या बलभीमाचे नाव लंडनहून जगभर दुमदुमत होते. 1897 साली भवानरावांनी सँडोची साधने आणि त्याचे पुस्तक विकत घेतले आणि त्यातल्या सूचनांबरहुकूम दहा वर्षे नेमाने व्यायाम केला. पुढे 1908 च्या सुमारास मिरजेच्या अधिपतींच्या प्रेरणेने ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि मग त्यांचेच झाले. 1909 साली गादीवर आल्यावर त्यांनी आपल्या संस्थानातील शाळांतून नमस्कार सुरू केले. 1938 साली लंडनमध्ये त्यांचे त्या विषयावरचे इंग्रजी पुस्तक निघाले. त्यांच्या पद्धतीत नमस्काराच्या दहा अवस्था होत्या. आज बहुधा बारा मोजतात.

यावरून सँडो वाईट आणि नमस्कार चांगले असा निवाडा मी देत नाही. नमस्काराने रोग पळतात हा राजेसाहेबांचा उत्साहही आज जसाच्या तसा पत्करता येणार नाही. मला यात दिसते ते एवढेच, की ज्याला महागडी साधने सहज परवडत होती, तो माणूस दहा वर्षांच्या अनुभवानंतर घोंगडीएवढ्या जागेत, बिनखर्चाने होणाऱ्या व्यायामापाशी येऊन थांबला.

आमच्या धाराशिव जिल्ह्यात या बिनखर्ची व्यायामाला आणखी एक मोल होते. 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. सभेला सरकारची परवानगी लागे, आखाडा काढायचा तरी परवानगी लागे. चार तरुण एकत्र जोर-बैठका काढू लागले, की सरकारला त्यात कटाचा वास येई. पण पहाटे आपल्याच माळवदावर एकट्याने घातलेल्या नमस्कारांना कोण कोणाची परवानगी मागणार? आमचे आजोबा ते तसेच घालीत. परंडा तालुक्यात डोमगावी समर्थशिष्य कल्याणस्वामींची समाधी आहे आणि टाकळीच्या तपश्चर्येत समर्थ रोज बाराशे नमस्कार घालीत, अशी परंपरेची श्रद्धा आहे. आजोबांनी नमस्कार उचलले ते पुस्तकातून नव्हे, त्या श्रद्धेतून.

आजीने मात्र कधी नमस्कार घातले नाहीत. तालमीचा उंबरा बाईला बंदच होता. पण घरच्या माळवदावर तरी तिला कोणी बोलावले? "बाईला कामातच व्यायाम होतो," हे ठरलेले उत्तर. पहाटे जाते, मग आडाचे पाणी, मग चूल! मला हे उत्तर कधी पटले नाही. कष्ट आणि व्यायाम एक नव्हेत. कष्टाने शरीर झिजते, व्यायामाने ते घडते. आणि व्यायामाला स्वतःचा म्हणून थोडा वेळ लागतो, जो आजीला मिळाला नाही. औंधला राणीसाहेब स्वतः नमस्कार घालीत, हे मी वाचले तेव्हा मला प्रथम आजीच आठवली. आता काळ पालटतो आहे. याच जिल्ह्यातली सारिका काळे भारताच्या महिला खो-खो संघाची कर्णधार झाली आणि 2020 साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. पण सगळ्याच मुली मैदानापर्यंत पोचत नाहीत. त्यांना निदान ओसरीवरची चार हात जागा आणि अर्धा तास मिळावा.

मग नवशिक्याने काय निवडावे? जो व्यायाम आपल्या घरातल्या जागेत मावतो, आपल्या वेळेत बसतो आणि साधनावाचून अडत नाही, तो. सुरुवात थोड्याने करावी. वाग्भटाने थंडीच्या दिवसांतसुद्धा बलवान माणसाला अर्ध्या शक्तीइतकाच व्यायाम सांगितला आहे. कपाळावर घाम आला आणि श्वास तोंडाने घ्यावा लागला, की थांबावे. गुडघे कुरकुरत असतील किंवा रक्तदाब असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे. आणि निवड एकट्यापुरती करू नये. घरातल्या सुनेला आणि लेकीलाही जो करता येईल, तोच घराचा व्यायाम.

बाकी परीक्षेची तारीख पंचांगात छापलेलीच आहे. पाडव्याचा संकल्प त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत टिकला, तर निवड बरोबर झाली असे खुशाल समजावे आणि पट्टा पुन्हा एक घर आवळावा!