मैनेच्या छक्कडीचं कूळ

छक्कड हे तमाशातलं गाणं. चाल उडती, शब्द रोजच्या बोलण्यातले. झीलकऱ्यांनी ध्रुपद उचललं की समोर बसलेलाही म्हणू लागतो. या शृंगाराच्या चालीत लढा बसवला तो अण्णाभाऊ साठ्यांनी. वाटेगावचे अण्णाभाऊ तमाशा बघत वाढलेले, लहानपणी घरच्यांबरोबर पायी मुंबई गाठलेले. 1944 मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत ‘माझी मैना’ ही छक्कड आली ती याच मुशीतून.

तिच्यात पोटासाठी मुंबईला आलेला गडी गावी राहिलेल्या बायकोसाठी, म्हणजे आपल्या मैनेसाठी, तळमळतो आहे. बराच वेळ ही निव्वळ विरहाची लावणी वाटते: तिचं रूप, तिचे दागिने, निरोपाची घडी. मग मुंबईतले हाल येतात. आणि शेवटाकडे उलगडतं की मैनेची जशी ताटातूट, तशीच बेळगाव, कारवार, डांग, उंबरगावची महाराष्ट्रापासून. घरदार गावी सोडून आलेल्या गिरणी कामगाराला सीमाप्रश्न समजावून सांगायची मग गरजच उरली नाही. तुलना करून बघा: 1967 मध्ये अमेरिकेतल्या ‘द असोसिएशन’ या गोड गळ्याच्या गटानं युद्धविरोधी ‘रिक्वीम फॉर द मासेस’ गायलं, पण ते ‘नेव्हर माय लव्ह’ या प्रेमगीताच्या तबकडीच्या मागल्या बाजूला. अण्णाभाऊंनी प्रेम आणि निषेध एकाच गाण्यात गुंफले होते. मला ही कारागिरी थोर वाटते.

ही छक्कड ऊसतोड कामगारांच्या पाथर्डी तालुक्यात ऐकावी. पाऊस बेताचा, म्हणून दसरा-दिवाळीच्या सुमाराला इथल्या वाड्यावस्त्यांवरून टोळ्या उसाला निघतात. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते, आणि ती जोडीवर मिळते: नवराबायको मिळून एक कोयता. तो ऊस तोडतो. ती पाचट सारून मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहून गाडीत भरू लागते, आणि कोपीतली चूलही तिचीच. इथली मैना गावावर राहत नाही. मागे राहतात म्हातारी माणसं आणि त्यांच्या हवाली केलेली पोरं.

बेळगावचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, तेव्हा छक्कडीचं शेवटचं कडवं गाळू नका. आणि मैनेच्या हाती कोयता आल्यानंतरची छक्कड पाथर्डीच्या शाहिरांनी रचावी, तिच्याच तोंडून.