मरणाचे कारण विचारणारी मुलगी

लहानपणी मरण म्हणजे दैव. त्याला कारण विचारायचे नसते. हा समज पुढे कसा पालटतो, हे वर्गात सांगताना मला आनंदीबाई जोशी आठवतात. जन्म १८६५. चौदाव्या वर्षी झालेले मूल उपचारांवाचून दहा दिवसांत गेले. बाईंनी नुसता कपाळाला बोल लावला नाही. वैद्यक शिकायचे ठरविले. १८८३ साली त्या अमेरिकेस गेल्या, १८८६ साली डॉक्टर झाल्या. कोल्हापूरच्या इस्पितळातील नेमणूक हाती होती. तोच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने त्यांना नेले. वय अवघे एकवीस!

मरणाला कारण असते. पण कारण कळले म्हणून ते टळतेच असे नाही. या दुसऱ्या धड्याने पहिला खोटा ठरत नाही. दोन्ही एकदम पचविणे, यालाच मी जाणते होणे म्हणतो.