सुप्याच्या स्वारांचे हात

शहाजीराजांच्या जहागिरीत पुणे, इंदापूर, चाकण यांच्या जोडीला सुपे परगणाही होता. शिवाजी महाराजांच्या सावत्र आई तुकाबाईंचे भाऊ संभाजी मोहिते तिथला कारभार पाहत. १६५६ मध्ये शिवाजी महाराजांनी या सावत्र मामांना कैद करून सुपे ताब्यात घेतलं. सभासदाच्या बखरीनुसार निमित्त शिमग्याच्या पोस्ताचं, म्हणजे सणाच्या बक्षिसीचं होतं आणि हाती लागली ती तीनशे घोड्यांची पागा.

या घोड्यांवर बसणारे अंगावर काय घालत? ते ज्याच्या त्याच्या ऐपतीवर होतं. बारगिराला घोडा सरकारातून मिळे. शिलेदार घोडा आणि हत्यार स्वतःचं घेऊन येई. मोठ्या सरदाराकडे चिलखत, शिरस्त्राण, पोलादी दस्ताने. साध्या स्वाराचं डोकं पागोट्यात आणि अंग जाड सुती डगल्यात. मराठा स्वाराची ख्यातीच मुळी हलकेपणाची, त्यामुळे लोखंड अंगावर बाळगण्याची हौस कमी. दांडपट्ट्याची रचना मात्र नामी: त्याची मूठ लोखंडी खोळीच्या आत असते आणि खोळ मनगटाच्या वरपर्यंत चढते. हत्यार धरलं की हात आपोआप झाकला गेला!

पुढे सुप्याचं नाव गाजलं ते १२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी सावकारांविरुद्ध पेटलेल्या दंग्यामुळे. स्वारीच्या गोष्टीत मात्र त्यानंतर बराच काळ बैलगाडी आणि सायकल यांच्यापलीकडे फारसं काही नाही.

१९७२ साली दुष्काळाने जिरायत पट्टा होरपळत असताना बजाजची चेतक आणि कायनेटिकची लूना बाजारात आल्या. दोन्ही कंपन्या पुण्याच्याच. राजदूत मोटरसायकल त्याआधीपासून होती. पावसाच्या भरवशावरच्या गावांत दुधाचा जोडधंदा वाढला, तसतशा गाडीच्या दोन्ही अंगांना किटल्या लटकल्या आणि पहाटेची फेरी ठरून गेली.

पोशाख त्या फेरीनेच घडवला. डोक्याला कानटोपी किंवा मफलर. वारा गुंड्यांतून आत शिरू नये म्हणून स्वेटर पुढचा मागे करून घातलेला. हाताला पायमोजे, तेही नसले तर प्लॅस्टिकच्या पिशव्या. कुणी हँडललाच रेक्झिनच्या खोळी चढवल्या. हात आत घातला की काम झालं. हा सगळा बंदोबस्त थंडीचा. दिवस वर आला की उन्हाचा आणि फुफाट्याचा. पडण्याचा विचार त्यात कुठेच नाही. पुण्याच्या रस्त्यांवर स्कार्फ आणि कोपरापर्यंतचे पांढरे हातमोजे घातलेल्या मुली दिसू लागल्या, तेव्हाही शत्रू ऊन आणि धूरच होता. डांबरावर घसरल्यावर ते पातळ सुती कापड क्षणभरही टिकत नाही.

खरं तर पडताना माणूस आधी हात टेकतो. तळव्याची कातडी सोलवटते, मनगटाचं हाड मोडतं. म्हणूनच चांगल्या हातमोज्याला तळव्यावर दुहेरी चामडं असतं, बोटांच्या सांध्यांवर कडक कवच असतं आणि मनगटाला घट्ट पट्टा असतो.

पण जगाचं लक्ष आधी डोक्याकडे गेलं. १९३५ मध्ये 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून गाजलेला ब्रिटिश लष्करी अधिकारी मोटरसायकलवरून पडून गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांपैकी ह्यू केर्न्स या शल्यविशारदाने पुढे लष्करी निरोप्यांचे अपघात अभ्यासले आणि १९४१ मध्ये शिरस्त्राणाचा उपयोग दाखवून दिला. भारतात मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ हेल्मेटपुरतंच बोलतं. २०१९ च्या दुरुस्तीने चार वर्षांवरच्या मुलांनाही त्यात घेतलं. त्याच वर्षी १ जानेवारीपासून पुण्यात सक्ती सुरू झाली, तेव्हा शहरात तिच्याविरुद्ध मोर्चा निघाला. १ जून २०२१ पासून आयएसआय शिक्का नसलेलं हेल्मेट विकायलाही बंदी आहे. नवी दुचाकी विकताना सोबत हेल्मेट देणं उत्पादकावर बंधनकारक आहे. हातमोज्यांबद्दल मात्र अवाक्षर नाही. आजचा स्वार डोक्यापुरता बारगीर आणि हातांपुरता शिलेदार!

गंमत अशी की सुपे ज्या तालुक्यात येतं, त्या बारामतीचं नाव मोटरसायकलच्या जगात आता लहान नाही. इथल्या पियाजिओच्या कारखान्यातून २०१२ पासून व्हेस्पा बाहेर पडतात. २०२३ मध्ये एप्रिलियाची आरएस ४५७ ही शर्यतीच्या घाटणीची गाडीही इथेच तयार होऊ लागली आणि ती युरोपातही विकली जाते. फ्रान्समध्ये २० नोव्हेंबर २०१६ पासून चालवणाऱ्याला आणि मागे बसणाऱ्याला प्रमाणित हातमोजे सक्तीचे आहेत. म्हणजे बारामतीत बनलेली ही गाडी पॅरिसमध्ये उघड्या हातांनी चालवली तर दंड भरावा लागेल; सुप्याच्या रस्त्यावर चालवली तर पोलीस फार तर हेल्मेटची चौकशी करील.