सामाईक जोखमीवरचा पहारा

जहाजामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारे विमा-क्लब नफ्यासाठी निघाले नाहीत. ते जहाजमालकांनीच आपसात उभारले. एकाचं नुकसान बाकीच्यांनी भरायचं, हा त्यांचा पाया. आणि जहाज तपासायला माणूस धाडण्याची रीतही याच पायातून आली.

1720 साली इंग्लंडने सागरी विम्याचा मक्ता दोन कंपन्यांना दिला. त्याबाहेर उरले लॉइड्स या विमाबाजारातले खाजगी विमेदार. त्यांचे दर परवडेनात, म्हणून बंदरोबंदरीच्या मालकांनी एकमेकांच्या जहाजांचा विमा उतरवणारी मंडळं काढली; हीच क्लबांची सुरुवात. भिशीत माणूस पारखून घेतात, तसं इथे जहाज पारखलं जाई: लाकूड कुजलंय का, नांगर-दोर धड आहेत का. कुजक्या जहाजाची भरपाई शेवटी शेजाऱ्याच्याच खिशातून जायची.

पुढे जोखीम वाढत गेली. टकरीत दुसऱ्याच्या जहाजाचं झालेलं नुकसान साध्या विम्यात येत नाही, असा निकाल 1836 मध्ये लागला. 1846 च्या कायद्याने अपघातात दगावलेल्यांच्या कुटुंबांना भरपाई मागता येऊ लागली. म्हणून 1855 मध्ये अशा जबाबदाऱ्या उचलणारा पहिला 'संरक्षण' क्लब स्थापन झाला. 1870 मध्ये 'वेस्टर्न होप' हे जहाज केपटाउनला माल न उतरवता पुढे गेलं आणि बुडालं. मालाची भरपाई मालकाच्या गळ्यात पडली. त्यानंतर 1874 पासून मालाची जबाबदारीही क्लब घेऊ लागले.

1980 च्या दशकाच्या अखेरीस दावे भरमसाट वाढले, तेव्हा क्लबांनी जुनी पारख नव्याने हाती घेतली. आज क्लबने धाडलेला सर्व्हेअर हॅच कव्हरच्या, म्हणजे मालकोठीच्या झाकणाच्या, रबरी पट्ट्यांतून पाणी झिरपतं का, हे पाण्याचा फवारा मारून किंवा अल्ट्रासॉनिक यंत्राने तपासतो. जीवरक्षक नौका, गंजलेले पत्रे, इंजिनखोली, नकाशे हेही पाहतो. उणीव निघाली तर दुरुस्तीची मुदत मिळते; ती पाळली नाही तर संरक्षण काढून घेतलं जाऊ शकतं.

ऑगस्ट 2011 मध्ये कोळशाने भरलेलं 'राक कॅरियर' हे जहाज मुंबईजवळ बुडालं आणि तेल किनाऱ्यावर आलं. 2012 च्या नियमांनी भारतीय बंदरांत येणाऱ्या जहाजांना दुसऱ्याच्या नुकसानीची भरपाई देणारा असा विमा सक्तीचा केला. पण कागदावरचा विमा तेल अडवत नाही. तपासणीचा खर्च वाचवू पाहणाऱ्या मालकाला क्लबने दारातच अडवावं. तो वाचवलेला पैसा त्याचा एकट्याचा नसतो.