फोटोवर वॉटरमार्क टाकावा की नको? शकुंतलेच्या फोटोंपासून लग्नाच्या अल्बमपर्यंत

मोबाइलवर काढलेला चांगला फोटो इन्स्टाग्रामवर टाकला, की दोन दिवसांत तो चार पेजवर, दहा व्हॉट्सॲप ग्रुपवर आणि एखाद्या फ्लेक्सवर दिसतो. तुमचं नाव मात्र कुठेच नसतं. मग कोणीतरी सल्ला देतो, "वॉटरमार्क टाकत जा ना." दुसरा म्हणतो, "नको, फोटो खराब दिसतो." खरं काय? वॉटरमार्क नेमकं काय करतो, काय करत नाही, कायदा काय सांगतो आणि कोणत्या फोटोवर तो टाकावा, ते या लेखात पाहू.

वॉटरमार्क म्हणजे काय?

शब्द कागदाच्या धंद्यातला. कागद ओला असतानाच त्यात उमटवलेली खूण म्हणजे वॉटरमार्क, मराठीत जलचिन्ह. नोट उजेडात धरली की गांधीजींचा जो चेहरा दिसतो, तोच हा प्रकार. इटलीतल्या फाब्रियानो गावच्या कागद गिरण्यांमध्ये तेराव्या शतकापासून अशा खुणा सापडतात. फोटोवाल्यांनीही नाव टाकायची सवय लवकर लावून घेतली. एकोणिसाव्या शतकातली बॉर्न अँड शेफर्ड ही कंपनी काचेच्या निगेटिव्हवरच नाव आणि नंबर लिहायची, म्हणजे प्रत्येक प्रिंटवर तो उमटायचा. आपल्या घरातल्या जुन्या फोटोंच्या पाठीमागे स्टुडिओचा रबरी शिक्का असतो, तोही त्याच कुळातला.

आज वॉटरमार्क दोन प्रकारचे असतात.

• दिसणारा: फोटोवर लिहिलेलं नाव, लोगो किंवा इन्स्टाग्राम हँडल.
• न दिसणारा: फाइलच्या आत साठवलेली माहिती (मेटाडेटा) किंवा पिक्सेलमध्ये दडवलेली खूण. गूगलचं सिंथआयडी हे दुसऱ्या जातीचं उदाहरण. ते एआयने बनवलेली चित्रं ओळखण्यासाठी आहे.

काही फोनचा कॅमेरा फोटोच्या खाली आपोआप कंपनीचं आणि मॉडेलचं नाव छापतो. तो तुमचा वॉटरमार्क नाही, ती फोन कंपनीची जाहिरात आहे. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन तो बंद करा. काही फोनमध्ये तिथेच स्वतःचं नाव टाकायची सोय असते, ती वापरा.

मूर्तिजापूरचं उदाहरण घेऊ

मूर्तिजापूर हे मुंबई-हावडा मार्गावरचं जंक्शन. पण फोटोवाल्यांमध्ये त्याची ओळख वेगळी: शकुंतला. यवतमाळ ते मूर्तिजापूर आणि मूर्तिजापूर ते अचलपूर अशी मिळून सुमारे १९० किलोमीटरची ही अरुंद रुळांची गाडी ब्रिटिश काळात एका खाजगी कंपनीने कापूस वाहून नेण्यासाठी सुरू केली. १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत तिला ओढत होतं, त्यानंतर डिझेल इंजिन आलं. आता गाडी बंद आहे.

गाडी बंद झाल्यावर उरले ते फोटो. शकुंतला परत सुरू व्हावी अशी मागणी निघाली, की दरवेळी तेच फोटो फिरतात. कापून, फिल्टर लावून, त्यावर "सुप्रभात" लिहून. कोणी काढला, कोणत्या वर्षी, अचलपूरच्या बाजूचा की यवतमाळच्या बाजूचा, यातलं काहीच त्यावर नसतं. खाली कमेंट येते, "फोटो तं भारी हाय, पण कोनाचा हाय?" उत्तर कोणाकडेच नसतं.

इथे नुकसान दोघांचं होतं. फोटोवाल्याचं नाव गेलं, हे एक. दुसरं म्हणजे गावाच्या आठवणीतून तारीख आणि ठिकाण गेलं. उद्या कोणी या रेल्वेवर पुस्तक लिहायला किंवा प्रदर्शन भरवायला घेतलं, तर परवानगी कोणाला मागायची आणि फोटोखाली काय लिहायचं, हा प्रश्न येणारच. कोपऱ्यातली एक छोटी ओळ, "नाव, मूर्तिजापूर स्टेशन, वर्ष", हे दोन्ही वाचवू शकते. म्हणून वॉटरमार्क म्हणजे नुसतं चोरापासून संरक्षण समजू नका. तो फोटोचा पत्ता आहे.

वॉटरमार्कने चोरी थांबते का?

सरळ उत्तर: नाही. कोपऱ्यातलं नाव कापायला पाच सेकंद लागतात. मधोमध असलेलं नावही आता फार टिकत नाही. गूगलच्याच संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं, की एकच वॉटरमार्क शेकडो फोटोंवर जसाच्या तसा असेल, तर संगणक ते सगळे फोटो ताडून खूण वेगळी काढतो आणि खालचा फोटो जवळपास मूळासारखा परत मिळवतो. उपायही त्यांनीच सांगितला: प्रत्येक फोटोवर खुणेचा आकार किंचित वेडावाकडा करा, म्हणजे काम अवघड होतं. पण तेव्हा जे प्रयोगशाळेत होतं, ते आज खिशात आहे. फोटोतली नको ती वस्तू बोटाने पुसणारी साधनं बहुतेक फोनमध्ये आलीत, आणि ती वस्तू आणि नाव यात फरक करत नाहीत.

मग टाकायचा कशाला? तीन कारणांसाठी.

पहिलं, बहुतेक लोक चोर नसतात, आळशी असतात. फोटो आवडला, फॉरवर्ड केला. नाव फोटोवरच असेल तर ते फोटोबरोबर आपोआप फिरतं. कॅप्शनमधलं श्रेय मात्र पहिल्याच फॉरवर्डला गळून पडतं.

दुसरं, काम मिळतं. फोटो पाहून कोणाला तुम्हाला लग्नाला किंवा कार्यक्रमाला बोलवायचं असेल, तर तुम्हाला शोधायचं कसं, हे त्याला कळायला हवं.

तिसरं कारण कायद्याचं, ते आता पाहू.

कायदा काय सांगतो?

भारतात कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. त्यानुसार फोटो ही "कलाकृती" आहे आणि फोटो काढणारी व्यक्ती तिची लेखक. फोटो काढल्या क्षणीच कॉपीराइट तयार होतो. त्यासाठी वॉटरमार्क लागत नाही आणि नोंदणीही सक्तीची नाही. नोंदणी करता येते, आणि वाद झाला तर पुरावा म्हणून ती कामी येते. २०१२ च्या दुरुस्तीनंतर फोटोचा कॉपीराइट फोटोग्राफरच्या हयातभर आणि त्यानंतर ६० वर्षं टिकतो.

"नेटवर सापडला म्हणजे फुकट" हा समज चुकीचा आहे. जाणूनबुजून उल्लंघन केल्यास कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो.

वॉटरमार्कसाठी महत्त्वाचं आहे ते कलम ६५ ब. तेही २०१२ मध्येच आलं. कलाकृतीवरची हक्कांची माहिती, म्हणजे लेखकाचं नाव, मालकाचं नाव-पत्ता वगैरे, परवानगीशिवाय जाणूनबुजून काढून टाकणं किंवा बदलणं हा वेगळा गुन्हा आहे. त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. म्हणजे नाव नसलेला फोटो उचलणारा म्हणू शकतो, "मला माहीतच नव्हतं." नाव खोडून वापरणाऱ्याला असं म्हणता येत नाही. त्याने मुद्दाम केलं, हे खोडलेलं नावच सांगतं.

लग्नाचे फोटो: इथे गाडी उलटी जाते

हा मुद्दा नीट वाचा, कारण गावोगावच्या फोटोग्राफरांना तो माहीत नसतो. कायद्याच्या कलम १७ प्रमाणे कोणी पैसे देऊन, सांगून फोटो काढून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल, तर कॉपीराइटचा पहिला मालक ऑर्डर देणारा असतो. म्हणजे लग्नाची ऑर्डर घेतली, पैसे घेतले, लेखी काही ठरलं नाही, तर त्या फोटोंचे मालक वधू-वरांकडचे लोक, तुम्ही नाही. फोटो तुम्ही काढला हे सांगायचा हक्क कलम ५७ मुळे तुमच्याकडे राहतो. पण ते फोटो स्वतःच्या पेजवर मोठा लोगो लावून जाहिरातीसाठी वापरण्याचा हक्क आपोआप मिळत नाही.

उपाय सोपा आहे. बुकिंगच्या पावतीवरच दोन-तीन ओळी लिहून दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या:

• फोटोंचा कॉपीराइट कोणाकडे राहील.
• फोटोग्राफर किती फोटो आणि कुठे दाखवू शकेल.
• अल्बमच्या फाइलवर लोगो असेल की नाही.

घरच्यांना द्यायच्या फायनल फोटोंवर वॉटरमार्क नकोच. त्यांनी पैसे मोजलेत. निवडीसाठी पाठवलेल्या फोटोंवर मात्र तो मोठा आणि मधोमध असू द्या, कारण पैसे यायच्या आधी तेच फोटो प्रिंट होण्याची भीती असते.

कोणत्या फोटोवर कसा?

• सोशल मीडियावरचा फोटो: छोटं नाव किंवा हँडल. अगदी कडेला नको, कापलं तर फोटोची मांडणी बिघडेल अशा जागी, म्हणजे झाडाच्या खोडावर किंवा रुळाच्या कडेला.
• निवडीचे किंवा विक्रीआधीचे नमुने: मधोमध, मोठा, फिकट.
• स्पर्धा, वर्तमानपत्र, मासिक: वॉटरमार्क नको. बहुतेक ठिकाणी असे फोटो बाद होतात. नाव ईमेलमध्ये आणि फाइलच्या मेटाडेटात द्या.
• विकिपीडिया: तिथले फोटो विकिमीडिया कॉमन्सवर ठेवतात. दिसणारा वॉटरमार्क तिथे नकोसा मानतात. श्रेय माहितीच्या पानावर लिहिलं जातं आणि "श्रेय द्या" अशा परवान्याखाली फोटो देता येतो. शकुंतलेसारख्या विषयाचे फोटो कायम टिकवायचे असतील तर ही चांगली जागा आहे. पण तिथे दिलेला फोटो व्यावसायिक कामासाठीही वापरता येतो, हे लक्षात घेऊन द्या.

मोबाइलवर कसा टाकायचा?

१. स्नॅपसीड: टेक्स्ट टूलमध्ये नाव लिहा, ओपॅसिटी निम्म्यावर आणा. लोगो असेल तर डबल एक्सपोजरमधून त्याचं चित्र वर ठेवा.

२. लाइटरूम मोबाइल: एक्सपोर्ट करताना वॉटरमार्कचा पर्याय येतो. एकदा सेट केला की प्रत्येक फोटोवर लागतो.

३. मेटाडेटा: कॅनन, निकॉन, सोनीच्या बहुतेक कॅमेऱ्यांच्या मेनूमध्ये कॉपीराइट माहितीची जागा असते. तिथे नाव एकदा भरलं की प्रत्येक फाइलमध्ये जातं.

मेटाडेटाबद्दल दोन सावधगिऱ्या. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की ही माहिती पुसली जाते; डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर राहते. पण त्यात जीपीएसचं ठिकाणही राहू शकतं. कोणाच्या घरचा फोटो असेल किंवा मेळघाटातल्या वन्यप्राण्याचा, तर पाठवण्याआधी लोकेशन काढून टाका.

वॉटरमार्कपेक्षा भक्कम पुरावा

मूळ फाइल जपून ठेवा. पोस्ट करताना मोठी बाजू १०८० ते १६०० पिक्सेल ठेवा. १०८० पिक्सेलचा फोटो छापायचा तर उत्तम दर्जात तो साडेतीन इंचांच्या आसपासच भरतो. मूळ १२ मेगापिक्सेलची फाइल, तिच्या आधीचे-नंतरचे फोटो आणि तारीख फक्त तुमच्याकडे असेल, तर मालक कोण यावर वाद फार चालत नाही. फ्लेक्सवाला मात्र छोटा फोटोही ताणून छापतो. तिथे आकार कमी करून फायदा नाही, नावच कामी येतं.

हैतीच्या भूकंपाचं उदाहरण बघा. जानेवारी २०१० मध्ये डॅनियल मोरेल या फोटोग्राफरने तिथले फोटो ट्विटरवर टाकले. दुसऱ्या एकाने ते स्वतःच्या नावाने टाकले आणि एएफपी या वृत्तसंस्थेने त्याच चुकीच्या नावाने ते जगभर दिले. मोरेल कोर्टात गेले. २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या ज्युरीने त्यांना १२ लाख डॉलर भरपाई दिली.

पुढची पायरीही आली आहे. कंटेंट क्रेडेन्शियल्स नावाच्या पद्धतीत फोटो काढतानाच फाइलवर डिजिटल सही होते. लायका एम११-पी हा २०२३ मध्ये आलेला अशी सोय असलेला पहिला कॅमेरा. २०२५ मध्ये गूगलच्या पिक्सेल १० फोनमध्येही ती आली. पण स्क्रीनशॉट घेतला की ही सही राहत नाही. त्यामुळे सध्या तरी दिसणारं नाव बाद झालेलं नाही.

फोटो चोरीला गेला तर?

• आधी स्क्रीनशॉट आणि लिंक जतन करा, तारखेसकट.
• साधा मेसेज करा: "फोटो माझा आहे, नाव द्या किंवा काढा." बऱ्याचदा एवढ्यावर काम होतं.
• नाही ऐकलं तर इन्स्टाग्राम, फेसबुक, यूट्यूबवरचा कॉपीराइट तक्रारीचा फॉर्म भरा. मूळ पोस्टची लिंक द्या. खोटी तक्रार करू नका, ती अंगाशी येते.
• धंद्यासाठी वापर झाला असेल तर बिल पाठवा, गरज पडल्यास वकिलाची नोटीस.
• कोणाच्या फोटोचा अश्लील गैरवापर झाला असेल तर तो कॉपीराइटचा विषय राहत नाही. लगेच राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा पोलीस ठाण्यात तक्रार करा. वॉटरमार्क अशा गैरवापरापासून वाचवत नाही, म्हणून कोणाचाही फोटो टाकण्याआधी त्यांना विचारा.

थोडक्यात

सोशल मीडियावर टाकायच्या फोटोवर छोटं नाव टाका, जमलं तर गाव आणि वर्षही. गिऱ्हाइकाच्या फायनल फोटोवर टाकू नका. मूळ फाइल कोणाला देऊ नका आणि लग्नाच्या ऑर्डरला पावतीवर सही घेतल्याशिवाय कॅमेरा काढू नका. जुन्या हार्ड डिस्कमध्ये शकुंतलेचे फोटो पडून असतील, तर आजच त्यांना नाव, तारीख आणि स्टेशन लिहून ठेवा. गाडी नसल्यामुळे ते फोटो पुन्हा काढता येणार नाहीत.