भिंगारवरून जाणारी सडक

भिंगार हें गांव नगर शहराहून जुनें आहे, ही गोष्ट नगरकरांच्याहि फारशी ध्यानांत नसते. १४९० सालीं मलिक अहमदानें बहामनी सरदार जहांगीरखान याच्या फौजेचा याच गांवाजवळ मोड केला, त्या जयाच्या जागीं बाग केली, आणि पुढें १४९४ मध्यें सीनेच्या कांठीं आपल्या नांवाचें शहर वसविलें. शहर झालें, किल्ला झाला, कालांतरानें इंग्रजांची छावणी झाली; भिंगार त्या तिहींच्या कडेला, पूर्वेच्या तोंडाशीं, बसून राहिलें. पाथर्डीकडे जावयाचें म्हणजे मात्र आजहि भिंगारवरूनच जावें लागतें. मेहेकरी, करंजीचा घाट, तिसगांव, पाथर्डी असें करीत ही वाट मराठवाड्यांत उतरते आणि परभणी-नांदेडवरून पार तेलंगणांतील निर्मळपर्यंत जाते. सरकारी दप्तरीं ती राष्ट्रीय महामार्ग आहे. २०१० च्या फेरक्रमांकनापूर्वीं तिचा क्रमांक २२२ होता, नंतर तो ६१ झाला. लोक तिला कल्याण–विशाखापट्टण मार्ग म्हणतात. नांव एवढें लांबलचक, आणि भिंगार ते पाथर्डी हा पन्नास किलोमीटरांच्या आसपासचा तुकडा नीट बांधून व्हावयास मात्र आमच्या डोळ्यांदेखत वर्षांमागून वर्षें गेलीं. असें कां व्हावें, हा प्रश्न आम्हां भिंगारकरांस पडतो तेव्हां आम्ही सहसा ठेकेदाराच्या नांवानें बोटें मोडून मोकळे होतों. पण वाटेचा इतिहास थोडा चाळून पाहिला, तर त्या बिचाऱ्याच्या आधींचेहि बरेच धनी निघतात.

ही दिशा फार जुनी. सातवाहनांची राजधानी पैठण, तेथून जुन्नर, नाणेघाट आणि खालीं कल्याणचें बंदर, असा जो प्राचीन व्यापारी मार्ग, त्याच अंगानें आजचा महामार्गहि चालतो. नाणेघाटाच्या ऐवजीं शेजारचा माळशेज आला, एवढेंच. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील एका ग्रीक दर्यावर्द्याचें ‘पेरिप्लस’ नांवाचें पुस्तक इतिहासाच्या अभ्यासकांस परिचित आहे. पैठणहून अकीकाचे खडे आणि तगर, म्हणजे आजचें तेर, येथून कापड गाड्यांत भरून भडोचच्या बंदरास येतें, आणि तें मोठमोठ्या बिनरस्त्याच्या मुलुखांतून येतें, असें त्यानें नमूद केलें आहे. दख्खनच्या रस्त्यांविषयींची आमच्या पाहण्यांतील सर्वांत जुनी तक्रार हीच. ती येथल्या गाडीवानानें केलेली नाहीं, दूर बंदरांत मालाची वाट पाहणाऱ्या माणसानें टिपलेली आहे, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

वाट होती, पण बांधलेला रस्ता नव्हता, याचा अर्थ काय तो आजच्या वाचकास एकदम उमगणार नाहीं. बैलगाडी एकदां ज्या मार्गानें जाते, त्याच मार्गानें दुसरी जाते, तिसरी जाते, आणि चाकांनीं जमिनींत दोन खोल रेघा पडतात. ती चाकोरी. आज आपण हा शब्द कचेरींतल्या ठराविक कामाला लावतों. मुळांत ती प्रवाशाची सोय होती. चाकोरींत पडलेली गाडी गाडीवान झोंपला तरी चुकत नसे. परंतु ही सोय आठ महिन्यांची. करंजीचा घाट ओलांडल्यावर गोदावरीच्या खोऱ्यांत जी काळी जमीन लागते, ती पावसाळ्यांत पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यांत सुकून हातहात भेगा टाकते. फुगलेल्या जमिनींत गाडी आसापर्यंत रुतते. सुकलेल्या जमिनींत बैलाचा पाय अडकतो. अशा जमिनीवर नुसती खडी पसरली तर दोन पावसाळ्यांत ती खालीं गडप होते आणि चिखल वर येतो. म्हणून आधीं काळी माती उपसावयाची, तेथें मुरूम भरावयाचा, तो पाणी मारून दाबावयाचा, दोन्ही बाजूंनीं चर काढावयाचे, ओढ्या-नाल्यांवर मोऱ्या बांधावयाच्या, आणि मग कोठें खडी टाकावयाची. डांबर हें शेवटचें. पाहणाऱ्याला डांबर दिसतें, म्हणून रस्ता म्हणजे डांबर असा समज होतो. खरा खर्च आणि खरा वेळ त्याच्या खालीं पुरलेला असतो.

निजामशाहीनें नगरास काय दिलें नाहीं? मैलोगणती लांबून खापरी नळांनीं पाणी आणलें, बागा लावल्या, महाल उठविले. भिंगारहून पूर्वेस निघालें कीं शहाडोंगरावरची जी तीन मजली अष्टकोनी इमारत कितीतरी वेळ सोबत करते, तीहि त्याच काळांतली. लोक तिला चांदबिबीचा महाल म्हणतात. वस्तुतः ती सलाबतखानाची कबर आहे. ज्यांना एवढें जमलें त्यांना दहा कोस सडक बांधणें जड नव्हतें. पण घोडेस्वाराला सडक कशाला हवी? घोडा, उंट आणि हत्ती माळावरून चालतात, आणि दरबाराचें सारें दळणवळण त्यांच्यावरच चाले. धान्य वाहावयाचें तर तें लमाणांच्या तांड्यांतील बैलांच्या पाठीवर गोण्या टाकून. पाठीवरच्या गोणीला चाकोरीचीहि गरज नाहीं. राज्यकर्त्यास ज्याची निकड नाहीं तें काम राज्यांत होत नाहीं, हा हिशेब पुढेंहि सुटला नाहीं. एक अपवाद आदरानें सांगितला पाहिजे. याच जिल्ह्यांत जामखेड तालुक्यांतील चौंडी येथें १७२५ सालीं जन्मलेल्या अहिल्याबाई होळकर यांनीं हिंदुस्थानभर विहिरी, घाट, धर्मशाळा बांधल्या, त्या पायीं चालणाऱ्या यात्रेकरूसाठीं होत्या. २०२४ सालीं जिल्ह्यास त्यांचें नांव मिळालें.

इंग्रजांची गोष्ट निराळी, कारण त्यांचें सैन्य तोफा ओढीत चाले. आर्थर वेलस्लीनें ८ ऑगस्ट १८०३ रोजीं नगरची पेठ आणि १२ ऑगस्टला किल्ला घेतला, आणि ऐन पावसाळ्यांत गोदावरी उतरून महिनाअखेर तो औरंगाबादेस पोंचला. नद्या ओलांडावयाच्या म्हणून त्यानें टोपल्यांच्या नावांची तजवीज आगाऊ केली होती, आणि बैल व लमाणांचे तांडे यांची चिंता त्याला शत्रूइतकीच असे. अशा स्वारीनंतर जे राज्य करावयास बसले त्यांना सडकेचें महत्त्व कोणी शिकवावें लागलें नाहीं. मात्र त्यांनीं आधीं बांधल्या त्या छावणीला छावणी जोडणाऱ्या सडका. कॅम्पांतले रस्ते आंखीव आणि झाडीचे, आणि हद्द संपली कीं धूळ, हा देखावा पुष्कळ वर्षें भिंगारचा नेहमींचाच झाला होता.

पुढें निकड आली ती दुष्काळाची. १८७६ ते १८७८ या दोन वर्षांच्या दुष्काळांत दख्खनमधील लाखों माणसें सरकारी कामांवर माती वाहूं लागलीं आणि खडी फोडूं लागलीं. दौंड–मनमाड लोहमार्गाचें मातीकाम अशाच हातांनीं झालें आणि १८७८ मध्यें आगगाडी नगरला आली. सर रिचर्ड टेंपल यानें माणशी रोजीं एक पौंड धान्याच्या मानानें मजुरी खालीं आणली, तेव्हां १८७७ च्या आरंभीं ठिकठिकाणच्या मजुरांनीं कामें सोडलीं. पुण्याच्या सार्वजनिक सभेनें, विशेषतः गणेश वासुदेव जोशी यांनीं, हा अन्याय सरकारपुढें मांडला. आमच्या विषयाच्या दृष्टीनें यांतली ध्यानांत घेण्याची बाब अशी कीं, दुष्काळी काम हें मुळीं रस्त्यासाठीं नसतेंच. तें माणसांना कांहींतरी काम देण्यासाठीं असतें. आणि खडी बसवावयास पाणी लागतें, तेंच त्या सालीं नसतें! पाऊस पडला, माणसें शेतावर परतलीं, कीं फोडलेल्या खडीचे ढीग रस्त्याच्या कडेला तसेच पडून राहतात.

आगगाडी आल्यानें शहर सुखी झालें. पूर्वेकडील पाथर्डीचा मुलूख मात्र रुळांपासून दूर पडला, तो तसाच राहिला. नगर–बीड–परळी लोहमार्गास १९९५ च्या सुमारास मंजुरी मिळाली आणि २०२२ सालीं गाडी आष्टीपर्यंत पोंचली, पण तीहि वाट दक्षिणेकडून गेली. म्हणजे करंजीच्या घाटापलीकडच्या माणसाला सडकेवांचून गति नाहीं.

मोटार आल्यावर रस्त्यांचा विचार प्रथमच हिंदुस्थानभर एकत्र झाला, आणि तो एका मराठी माणसाच्या अध्यक्षतेखालीं, ही अभिमानाची गोष्ट आहे. १९२७ सालीं नेमलेल्या मुकुंदराव जयकर यांच्या समितीनें पुढच्याच वर्षीं अहवाल दिला. पेट्रोलवर जादा कर बसवून त्यांतून रस्त्यांसाठीं निधि उभारावा अशी तिची मुख्य सूचना होती, आणि १९२९ मध्यें तो निधि निघाला. १९४३ सालीं नागपुरास भरलेल्या मुख्य एंजिनिअरांच्या परिषदेनें वीस वर्षांची योजना आंखली. राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्ह्याचे आणि खेड्यांचे अशी रस्त्यांची जी प्रतवारी आपण आज ऐकतों ती तेथली. या योजनांचें मोल आम्ही कमी लेखीत नाहीं. पण पेट्रोल जाळणारी मोटार कर देई, आणि रस्त्यावर चाले ती बहुतेक लोखंडी धांवेची बैलगाडी. तिची धांव खडी कुटून पीठ करी. मोटारीसाठीं बांधलेला रस्ता गाडीनें फोडला म्हणून एंजिनिअर रागावत, आणि ‘साहेबाच्या रस्त्यावर’ बैल घसरतात म्हणून शेतकरी कडेच्या मातींतून हांकी. दोघेहि खरें बोलत होते.

हा अनुभव आपल्याच कपाळीं आहे असें मात्र समजूं नये. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेस नलारबॉर नांवाचें शेंकडों मैलांचें उजाड मैदान आहे. त्यावरून जाणारी आयर सडक १९४१-४२ मध्यें युद्धाच्या धास्तीनें झपाट्यानें काढली गेली. ती सबंध डांबरी व्हावयास १९७६ साल उजाडावें लागलें. मधल्या काळांत प्रवासी पीठासारख्या धुळींतून आणि खड्ड्यांतून गाड्या हांकीत राहिले. सेनापतीला जी घाई होती ती ओसरली, आणि राहिलेल्या कामाला कोणी सेनापति मिळाला नाहीं.

१९७२ चा दुष्काळ पुष्कळांच्या आठवणींत अद्याप ताजा आहे. १९७३ च्या मे महिन्यांत महाराष्ट्रांत सुमारें पन्नास लाख माणसें दुष्काळी कामांवर होतीं. त्यांतूनच वि. स. पागे यांच्या प्रयत्नानें रोजगार हमीची योजना कायद्यांत आली. तिच्यांत खर्चाचा निदान साठ टक्के भाग अकुशल मजुरीवर जावा असा दंडक होता. दंडक न्याय्य होता; परंतु मजुरीनें माती आणि खडी होते, रूळ फिरविणें व डांबर ओतणें होत नाहीं. पाथर्डी तालुक्यांत बायाबापड्यांनीं उन्हांत बसून फोडलेल्या खडीवरून वाटा गांवोगांव पोंचल्या, आणि त्यांतल्या कितीतरी पुढच्या हाताची वाट पाहत पावसांत वाहून गेल्या.

याच माणसांशीं आजच्या महामार्गाचा खरा संबंध आहे. प्रवरेच्या पाटपाण्यावर लोणी येथें विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानें सहकारी साखर कारखाना उभा राहिला. पुढें असे कारखाने पश्चिम महाराष्ट्रभर झाले. त्यांचा ऊंस तोडावयास माणसें जातात तीं पाथर्डी, आष्टी, शिरूर, बीड या कोरड्या भागांतून. मुकादमाकडून उचल घ्यावयाची, नवराबायकोचा एक ‘कोयता’ धरावयाचा, आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास पोरेंबाळें, भांडींकुंडीं, कोंबड्या घेऊन निघावयाचें. पाथर्डीच्या कितीतरी टोळ्या करंजीचा घाट चढून भिंगारवरूनच पश्चिमेस जातात, आणि चैत्र-वैशाखांत याच वाटेनें परततात. आतां योगायोग पाहा: डांबराचें काम कोरड्या दिवसांतच होतें, म्हणजे दिवाळी ते वैशाख. ज्या महिन्यांत रस्ता खणावयाचा तेच महिने या लोकांच्या जाण्यायेण्याचे. पाऊस सुरू झाला कीं दोघांचेंहि काम बंद.

महामार्ग रुंद करण्याचें काम निघालें तेव्हां हाच अनुभव आला. एक बाजू खणून ठेवलेली, दुसरीवरून दोन्हीकडची वाहतूक. मोऱ्या अर्ध्या बांधलेल्या, त्यांना वळसा घालणारा मुरमाचा कच्चा रस्ता. मध्येंच काम थांबलें कीं उकरलेल्या पट्ट्यांत पावसाचें पाणी सांचून खोली कळेनाशी होई. दिवसां पुढच्या मोटारीच्या धुळीनें कांहीं दिसत नसे, आणि रात्रीं मागचा दिवा नसलेला ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढीत अचानक पुढ्यांत उभा राही. नगरजवळ संरक्षण खात्याची वाहन-संशोधनाची संस्था आहे. लष्करी गाड्यांची कसोटी पाहण्यासाठीं तेथें मुद्दाम खडबडीत मार्ग बांधले आहेत; भिंगारचे लोक ते फुकट पुरवूं शकले असते. डिसेंबर २०२२ मध्यें पारनेरचे तेव्हांचे आमदार निलेश लंके यांनीं नगरच्या जिल्हाधिकारी कचेरीसमोर या व जिल्ह्यांतील दुसऱ्या महामार्गांच्या कामांसाठीं उपोषण केलें, तेव्हां कोठें या तुकड्याचें नांव मुंबईच्या वर्तमानपत्रांत आलें.

त्या वर्षांत पाथर्डीकडची अडलेली बाळंतीण नगरच्या इस्पितळांत आणावयाची तर याच खणलेल्या पट्ट्यांतून आणावी लागे. गाडी जोरानें हांकावी तर प्रत्येक खड्ड्याला आंत बाईचा जीव कासावीस होई. हळू हांकावी तर घाट चढतां चढतांच तास निघून जाई. भिंगारची कमान दिसली म्हणजे सोबतची म्हातारी हात जोडी, आणि चालक म्हणे, आतां पुढें रस्ता चांगला आहे.