उस्मानिया : एका भाषेचे विद्यापीठ

हैदराबाद मुक्तिसंग्रामावर दर सप्टेंबरात मराठीत लेख येतात. त्यांत उस्मानिया विद्यापीठाचे नाव येते ते बहुधा १९३८ च्या वंदे मातरम् चळवळीपुरते. उर्दू नियतकालिकांत तेच नाव मोठ्या अभिमानाने घेतले जाते, पण तिथे १९३८ हे साल क्वचितच सापडते. आम्हा मराठवाड्यातल्या मुसलमानांना दोन्ही लेख वाचता येतात. म्हणून दोन्ही बाजू एकत्र मांडण्याचे काम आमच्यावर येते.

अभिमान वाटावा असे तिथे पुष्कळ होते, हे आधी सांगितले पाहिजे. १९१८ साली निजामाच्या फर्मानाने हे विद्यापीठ स्थापन झाले. मुंबई, मद्रास, कलकत्ता सगळीकडे उच्च शिक्षण इंग्रजीतून चालले असताना इथे ते उर्दूतून देण्याचे ठरले. इंग्रजी हा सक्तीचा विषय राहिला, माध्यम नव्हे. त्यासाठी १९१७ मध्येच दारुल तर्जुमा म्हणजे अनुवाद विभाग सुरू झाला होता. मौलवी अब्दुल हक त्याचे पहिले प्रमुख. आमच्या औरंगाबादशी (आता छत्रपती संभाजीनगर) त्यांचे जुने नाते. अंजुमन तरक्की-ए-उर्दूचा कारभार ते अनेक वर्षे याच शहरातून पाहत होते. या विभागात शेकडो ग्रंथ उर्दूत आले. इतिहास, तत्त्वज्ञान, गणित तर आलेच, पण वैद्यक आणि अभियांत्रिकीही आली. परिभाषेवरून वाद झडले. इंग्रजी शब्द तसेच घ्यावेत की अरबी-फारसी धातूंवरून नवे घडवावेत? वहीदुद्दीन सलीम यांनी तर संज्ञा कशा घडवाव्यात यावर १९२१ साली स्वतंत्र पुस्तकच लिहिले. (मराठी परिभाषा कोशांवर पुढे झालेली भांडणे ज्यांनी पाहिली, त्यांना हे सारे ओळखीचे वाटेल.) देशी भाषेत डॉक्टर घडत नाही, असे आजही छातीठोकपणे सांगणारे विद्वान आहेत. उस्मानियात तो घडत होता.

पण कोणाची देशी भाषा? खरी गाठ इथेच आहे. राज्यात निम्म्याच्या आसपास लोक तेलुगू बोलत, सुमारे चौथा हिस्सा मराठी, त्याखालोखाल कन्नड. उर्दू मातृभाषा असलेले थोडे. परभणी-नांदेडच्या खेड्यातून आलेल्या कुणब्याच्या पोराला उर्दू ही कचेरीची, तहसीलदाराची भाषा. त्याच्या दृष्टीने इंग्रजी जाऊन उर्दू आली, म्हणजे एक परकी भाषा जाऊन दुसरी आली. खेड्यातल्या गरीब मुसलमानाच्या पोरालाही पुस्तकातली ती फारसीने भरलेली उर्दू काही आईच्या दुधाबरोबर मिळालेली नव्हती. घरात दखनी, रानात मराठी, हीच त्याची तालीम.

१९३८ च्या नोव्हेंबरात औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजच्या वसतिगृहात आणि पाठोपाठ उस्मानियात हिंदू विद्यार्थ्यांच्या प्रार्थनेतील वंदे मातरम् वर बंदी आली. विद्यार्थ्यांनी हरताळ केला, शेकडो मुले काढून टाकली गेली. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हेही याच चळवळीतले. नागपूर विद्यापीठाने अनेकांना प्रवेश दिला, म्हणून त्यांची वर्षे वाचली. गीताबद्दल मुसलमानांचे आक्षेप जुने आहेत. काँग्रेस कार्यकारिणीने १९३७ साली पहिली दोनच कडवी म्हणावीत असे ठरवले, ते त्यांची दखल घेऊनच. ते आक्षेप आम्ही नाकारत नाही. पण ज्या विद्यापीठाच्या वर्गात आपली भाषा नाही, तिथे निदान खोलीतली प्रार्थना तरी आपली असावी, ही मागणी गैर होती असे आम्हाला वाटत नाही. अधिकाऱ्यांनी शिस्तीचा प्रश्न केला आणि मुलांना राजकारणात ढकलले. हल्लीचे कुलगुरूही हेच करतात.

त्याच उस्मानियाने मख्दूम मोहिउद्दीनही दिले. शायर, एम. ए., काही काळ अध्यापक, मग कम्युनिस्ट पुढारी. शोएबुल्ला खान हेही तिथलेच पदवीधर. निजामाने भारतात सामील व्हावे असे ते आपल्या ‘इमरोज’ मध्ये लिहीत राहिले आणि ऑगस्ट १९४८ मध्ये रझाकारांनी त्यांना ठार केले. उस्मानियाचा मुसलमान विद्यार्थी म्हणजे निजामाचा माणूस, हा हिशेब इतका सोपा नाही.

सप्टेंबर १९४८ मध्ये पोलिस कारवाई झाली आणि थोड्याच काळात माध्यम इंग्रजी झाले. तेलुगू नाही, मराठी नाही, कन्नड नाही, इंग्रजी! अन्याय होता एका भाषेच्या सक्तीचा; मोडीत निघाला तो देशी भाषेत विज्ञान शिकवण्याचा प्रयोग. मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ मिळायला १९५८ उजाडले, आणि तिथेही विज्ञानाचे वर्ग इंग्रजीतच भरले.

आता २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मातृभाषेचा विषय पुन्हा काढला आहे. २०२१ पासून अभियांत्रिकी भारतीय भाषांतून शिकवायला परवानगी मिळाली, २०२२ मध्ये भोपाळला वैद्यकाची हिंदी पुस्तके निघाली. मराठीतही पुस्तके होत आहेत, त्यांचे आम्ही स्वागत करतो. आमची मुले मात्र दहावीपर्यंत उर्दू शाळेत शिकतात आणि अकरावीच्या विज्ञानाला बसली की पहिल्याच तासाला इंग्रजीपुढे गप्प होतात. मराठी त्यांना येते, शाळेत ती सक्तीची आहे. मराठी अभियांत्रिकीच्या वर्गात यांनाही बाके ठेवली आहेत काय, हे विचारायला हवे, आणि ते आमच्याच संस्थाचालकांनी विचारायला हवे.